खुणेची भाषा आणि नवा गडी

ऊस तोडणीला आला, की कऱ्हाड-वाळवा भागातल्या एखाद्या चालू गुऱ्हाळावर तासभर उभे राहून पाहावे. घाण्याचा आणि मोटरचा आवाज एवढा असतो, की शेजारच्याच्या कानाशी ओरडले तरी त्याला निम्मेच कळावे. तरीही काम बिनबोभाट चाललेले असते. एक गडी घाण्यात ऊस घालतो, दुसरा चिपाडे ओढून वाळायला पसरतो, तिसरा चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालतो, आणि काहिलीजवळ गुळव्या उभा असतो. रसाला उकळी येऊन मळी वर आली की तो झाऱ्याने काढतो, भेंडीचे चिकट पाणी घालतो, पुन्हा मळी काढतो. बोलणे फारसे नाहीच.

जाळ घालणाऱ्याची जागा खाली, काहिलीच्या आड. त्याला काहिलीतला रस दिसत नाही. त्याला दिसतो तो गुळव्या. गुळव्या झारा टेकवून आरामात उभा असला तर जाळ जोरात चालू ठेवायचा. तो वाकून बुडबुडे निरखू लागला की चिपाडाची कवळी लहान करायची. वाफेचा वास बदलला, उकळीचा खळखळाट जाऊन घट्ट बुदबुद ऐकू येऊ लागली, की हात आवरता घ्यायचा. यातले काहीही कुणी कुणाला सांगत नाही.

खरी कसोटी शेवटच्या काही मिनिटांत. पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत गेला की उतरवायचा असतो. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी करतो आणि ती भांड्यावर टाकून तिचा आवाज ऐकतो. कडक आवाज आला की त्याचा हात वर जातो. त्याच क्षणी जाळ ओढला जातो आणि सगळे गडी काहिलीला येऊन भिडतात. ती उचलून वा ओढून वाफ्यात कलंडवायची, तीही सर्वांनी एका दमात. जरा उशीर झाला तर गूळ काळा पडतो, आणि सांगलीच्या पेठेत रंगावरच भाव ठरतो. पण रंगाचे एक वेळ सोडा. एकाने आधी ओढले आणि दुसऱ्याचा हात मागे राहिला, तर उसळलेला पाक अंगावर येतो. त्याचा थेंब कातडीला चिकटून बसतो, आणि निघतो तो कातडी घेऊनच.

“त्यांचं एकमेकांना न बोलता कळतं,” असे आपण कौतुकाने म्हणतो. कौतुक रास्तच आहे. पण उद्या तो जाळ घालणारा तापाने आजारी पडला आणि त्याच्या जागी त्याचा पुतण्या येऊन बसला, तर काय होते, हे आज आपण पाहू.

पुतण्या काही आंधळा नसतो आणि आळशीही नसतो. त्याला गुळव्याचा हात दिसतो. पण तो हात घाम पुसायला वर गेला, कुणाला तरी हाक मारायला गेला, की जाळ ओढ म्हणून गेला, हे त्याला उमगत नाही. नव्या माणसाला सगळ्या हालचाली सारख्याच दिसतात. जुन्या गड्याचे कसब खूण ओळखण्यात जितके असते, तितकेच खूण नसलेली हालचाल सोडून देण्यात असते. दहा हालचालींतल्या नऊ तो बघूनही बघत नाही. नवा पोरगा दहाही बघतो आणि गडबडतो.

गंमत पुढेच आहे. त्या गुळव्याला विचारा, “तुम्ही खुणा कोणत्या करता?” तो म्हणेल, “मी कुठं काय करतो? त्याला कळतंय की.” आणि तो खोटे बोलत नाही. इतक्या वर्षांत ती खूण त्याच्या अंगात मुरली, ती आपण करतो हेच त्याच्या ध्यानातून गेले. जी गोष्ट आपण करतो हेच आपल्याला ठाऊक नाही, ती दुसऱ्याला शिकवायची कशी? म्हणून पुष्कळदा जुना माणूस शिकवत नाही, नुसता चिडतो. त्या चिडण्याच्या मुळाशी दुष्टपणा नसतो.

खोंडाची शाळा

माणसांपेक्षा बैलांच्या बाबतीत आपण जास्त शहाणपणाने वागतो, असे मला पुष्कळदा वाटते. माण, आटपाडी, जत हा खिलार जनावरांचा मुलूख. पुसेगावच्या नाहीतर खरसुंडीच्या यात्रेतून आणलेले दोन दाती खोंड औताला लावायचे, तेव्हा जाणता शेतकरी दोन नवे खोंड एकत्र कधी जुंपत नाही. एका बाजूला जुना, शांत बैल घालतो, दुसऱ्या बाजूला खोंड. पहिले काही दिवस रिकामे जूच ओढायला लावतो, मग हलके औत, आणि नांगर सगळ्यांच्या शेवटी.

आणि सुरुवातीला तो बोलतो किती! वळायचे असले की हाक, थांबायचे असले की हाक. कासऱ्याचा हिसका आणि तोंडचा शब्द एकदमच देतो. पुढे शब्द कमी होतात, कासरा नुसता हलवला तरी पुरते. चार-दोन हंगाम गेले की मालकाचे पाऊल बांधापाशी जरा रेंगाळले तरी जोडी आपोआप वळते. पाहणाऱ्याला वाटते, काय हे मुके जनावर, न सांगता वळले! त्याला सांगितलेले असते, फार वेळा सांगितलेले असते. पाहणारा तेव्हा हजर नव्हता, एवढेच.

कुरीवरच्या पेरणीचेही तसेच. कुरी धरणारा आणि चाड्यावर मूठ धरणारी, दोघे जुने असले तर बैलांची चाल आणि बियाची धार एकमेकांना धरून चालतात. चाल वाढली तर मूठ सैल होते, चाल मंदावली तर मूठ आवळते. मूठ नवी असली तर कुरी धरणाऱ्याने बैलांची चाल एकसारखी ठेवावी आणि वळणावर तोंडाने सांगावे. नाहीतर बी कुठे दाट पडते, कुठे पातळ, आणि उगवण झाली की ते सगळ्या गावाला दिसते. पेरणीतली चूक झाकता येत नाही.

भांगलणीची पात

आता बायकांच्या कामाकडे येऊ, कारण या विद्येत त्या पुरुषांपेक्षा पुढे आहेत. भांगलणीला दहा-बारा जणी रानात उतरल्या, की प्रत्येकीला आपापली पात. कडेच्या पातींवर बहुधा जाणत्या बाया असतात आणि नवी पोर मधे. ही जागा कुणी ठरवून दिली असे नाही, पण तिच्यात अर्थ असतो. मधल्या पोरीला दोन्हीकडचे दिसते. शेजारणीचे खुरपे कुठे खोल जाते, हराळीची मुळी कशी उपटतात, तणासारखे दिसणारे रोप कुठले, हे ती डोळ्यांनी उचलते. आणि ती मागे पडली, की शेजारची न बोलता आपला हात दोन वीत तिच्या पातीत घालते आणि तिचे तण काढून टाकते, म्हणजे ओळ मोडत नाही.

या मुकाट मदतीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण तिलाही एक बाजू आहे. शेजारीण रोज आपली निम्मी पात काढते आहे, हे त्या पोरीच्या लक्षातच आले नाही, तर तिचा हात कधी वाढणार? म्हणून दुपारी भाकरी सोडायला बसल्यावर एखादी आत्या तिला म्हणते, “अगं, खुरपं असं आडवं धर, मनगट दुखायचं नाही.” रानात हाताने मदत करायची आणि सावलीत तोंडाने सांगायचे. बारा जणींसमोर बोलले तर पोर लाजते, आणि मुळीच न बोलले तर ती शिकत नाही. जाणत्या बाईला ही वेळ बरोबर कळते.

ऊसतोडीच्या टोळीत मात्र सावलीत बसून सांगायला सवड नसते. बीड-अहिल्यानगरकडून, आणि आपल्याच जत, आटपाडी, माण, खटावकडून माणसे कारखान्यांच्या फडात येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गडी तोडत पुढे जातो, बाई मागून ऊस गोळा करून मोळ्या बांधते. जुन्या जोडीत कोयत्याची फेक आणि बाईचा हात यांच्यात एक अंतर आपोआप राहते. तो पुढचा ऊस धरतो तेव्हा ही वाकते. तो कोयता उचलतो तेव्हा ही मागे झालेली असते. टोळी दरवर्षी तीच राहत नाही. उचल घेतलेले कुणी येत नाही, कुणी दुसऱ्या मुकादमाकडे जाते, आणि मुकादमाला तर ठरलेले कोयते भरायचे असतात. मग नवे लग्न झालेली जोडपी येतात, आणि लग्नानंतरची त्यांची पहिली जोडीची कामगिरी म्हणजे धारदार कोयता मधे ठेवून केलेले काम! रात्री वाहन भरताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे. वरच्याने मोळी नेमकी कधी पकडायची आणि खालच्याने पाऊल कधी उचलायचे, हे जुन्यांना ठाऊक असते, नव्यांना नसते. अंधारात खुणा दिसतही नाहीत. निदान पहिला आठवडाभर तरी “घेतली”, “सोडली” हे दोन शब्द फळीवर मोठ्याने बोलले गेले पाहिजेत. याला पैसा लागत नाही.

मोटेचे गाणे आणि मोटरचे बटण

थोरल्या मंडळींना मोट आठवत असेल. बैल धावेवरून उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची, पाणी पाटाने रानात जायचे. दारे धरणारा दूर टोकाला, मोट हाकणारा विहिरीवर. दोघांत हाकेचेही अंतर नसायचे. पण चाकाची करकर आणि मोटेवरची गाणी रानभर ऐकू यायची. गाणे चालू, म्हणजे पाणी चालू. गाणे थांबले, म्हणजे बैल सोडले, नाहीतर काहीतरी मोडले. दारे धरणाऱ्याला डोळे मिटूनही विहिरीवर काय चालले आहे ते कळायचे. गाणे मनोरंजनासाठी होते हे खरेच, पण ती एक तारसुद्धा होती.

पुढे इंजिने आली, वीजपंप आले, मोट गेली. ती परत यावी असे कुणी म्हणणार नाही; बैलांचे आणि माणसांचे त्यात हाल होते. पण मोटेबरोबर ती तार तुटली, तिच्या जागी काय जोडले, याचा विचार कमी झाला. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज वर्षानुवर्षे मिळत आली. अंधारात एक जण विहिरीवर, एक जण रानात. कुठे ऑटो स्विच बसवलेला असतो, वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. आता तर मोबाईलवरून घरबसल्या मोटर चालू करता येते. सोय मोठी आहे. पण कल्पना करा: मोटर पाणी ओढत नाही म्हणून धाकटा भाऊ विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करतो आहे, नाहीतर पेटीत तार जोडतो आहे. थोरला घरी आहे. त्याला वाटते, “एव्हाना झालं असेल.” तो बटण दाबतो.

हे “एव्हाना झालं असेल” फार घातकी आहे. पंधरा वर्षे एकत्र काम केलेल्या भावांचे ते पुष्कळदा बरोबर निघते, म्हणून तर त्याच्यावर विसंबायची सवय लागते. म्हणून विजेच्या कामात न बोलता कळण्यावर कोणीच जाऊ नये, जुन्यांनी तर मुळीच नाही. मेन स्विच पाडावा, फ्यूज काढावेत आणि जो दुरुस्तीला हात घालणार त्याने ते आपल्या खिशात ठेवावेत. भावाच्या खिशात नव्हे, पेटीवर तर नव्हेच. मोबाईलचा स्टार्टर असेल तर तोही बंद करून ठेवावा. आणि तार जोडायचे काम जाणत्या वायरमनचे, हे वेगळे सांगायला नको.

एका शब्दाचा खेळ

आपल्या गावच्या शाळांतून खेळले जाणारे दोन खेळ या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे तोंड “कबड्डी कबड्डी” म्हणण्यात अडकलेले असते. समोरच्या सातांना बोलायची बंदी नाही, पण बोलले तर तोही ऐकणार! म्हणून ते हाताला हात धरून साखळी करतात आणि शेजाऱ्याचा पंजा दाबून सांगतात: आता नको, आता धर. जुन्या संघात हा दाब क्षणात पोचतो. नव्या संघात एक जण झेप घेतो आणि साखळीतला दुसरा जागीच उभा राहतो. मग झेप घेणारा बाद.

खो-खोत तर शब्द फक्त एकच. आठ गडी चौकोनांत आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसलेले, नववा पळणाऱ्याच्या मागे. त्याने बसलेल्याच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच वेळी मोठ्याने “खो” म्हणायचे. नुसता हात लावून चालत नाही आणि नुसते ओरडूनही चालत नाही. आणि खो मिळण्याआधी बसलेल्याने उठायचे नाही, मग पुढे काय होणार ते त्याला कितीही आधी कळलेले असो. ज्यांनी हे नियम केले, त्यांनी काम एकाकडून दुसऱ्याकडे जाते तो क्षण नेमका ओळखला. बाकी सगळा खेळ डोळ्यांनी आणि अंदाजाने चालू दे, पण हवाला मात्र स्पर्शाने आणि शब्दाने, दोन्हींनी व्हावा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले. इतके तयार खेळाडू, पण “खो” त्यांनाही म्हणावेच लागते!

भवानीनगरचे भांडण

खुणेने चालणाऱ्या कामाची आपल्याच मातीतली एक हकीकत आहे. सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. सातारा जिल्ह्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात इथे प्रतिसरकार चालले. त्यांची कन्या हौसाताई १९२६ सालच्या, म्हणजे तेव्हा ऐन विशीच्या आतबाहेर. वाळवा तालुक्यातल्या भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारे मिळवायची होती. बेत असा ठरला, की हौसाताईंनी आणि एका सहकाऱ्याने ठाण्यासमोर नवरा-बायकोचे भांडण करायचे. भांडण सुरू झाले. नवरा झालेला गडी बायकोला मारू लागला, दगड उचलून अंगावर धावला. आता हा तिचा जीव घेणार, म्हणून पोलीस सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात बाकीच्या साथीदारांनी आत शिरून बंदुका पळवल्या.

ऐन वेळी कुणी कुणाला “आता जा” म्हणाले नाही. म्हणता येण्यासारखे नव्हतेच. पोलिसांचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडणे, हीच खूण. पण ती खूण आधी बसून, शब्दांनी ठरवलेली होती. कोण मारणार, कोण रडणार, कोण कुठून शिरणार, सगळे बोलून झाले होते, म्हणून ठाण्यासमोर मुकाट्याने पार पडले. एक गोष्ट मात्र बोललेली नव्हती. त्या सहकाऱ्याने नाटक खरे वाटावे म्हणून मार खरा दिला. हौसाताईंनी म्हातारपणी ही हकीकत सांगितली, तेव्हा बंदुका मिळाल्याच्या आनंदाबरोबर त्या खऱ्या माराचा रागही त्यांनी सांगितला. सत्तर वर्षांवर काळ लोटला होता. २०२१ मध्ये त्या गेल्या.

आता थोडे लांब जाऊ. विमान चालवणारी माणसे काही आपल्या पुतण्यासारखी नवखी नसतात. हजारो तास उडालेली असतात. पण दोन मुरलेले वैमानिक एकमेकांना नवे असले तर? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये एक अभ्यास छापला. १९७८ ते १९९० या काळातले वैमानिकांच्या चुकांशी संबंध असलेले मोठे विमान अपघात त्यांनी तपासले. ज्या अपघातांची ही माहिती मिळाली, त्यांतले ७३ टक्के त्या दोघांच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी झालेले होते, आणि ४४ टक्के तर पहिल्याच उड्डाणात. त्याआधी १९८६ मध्ये नासा या संस्थेसाठी झालेल्या एका प्रयोगात आणखी नवल दिसले. एकत्र उडून थकलेले वैमानिक हे विश्रांती घेऊन आलेल्या पण एकमेकांना नव्या असलेल्या वैमानिकांपेक्षा कमी गंभीर चुका करत होते. थकवा वाईटच, पण अनोळखीपणा त्याहून वाईट ठरला.

विमानाचा आणि आपल्या मळणीचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे तो असा, की गडी जुना असणे वेगळे आणि टोळी जुनी असणे वेगळे. शेजारच्या गावचा वीस वर्षे मळणी केलेला गडी आज आपल्या खळ्यावर आला, तर तो जाणता आहे, पण आपली टोळी आज नवी आहे. त्याच्या गावी हात वर करणे म्हणजे “थांबव” असेल, आपल्याकडे “अजून पेंढ्या आण” असेल. दोन्ही बाजू जाणत्या असल्या की विचारायची लाज वाटते, “एवढं काय सांगायचं त्यांना,” असे होते. नव्या पोराला तरी कुणीतरी सांगते.

मळणी यंत्रावर हात गेलेली माणसे आपल्या भागात पुष्कळ गावांनी पाहिली आहेत. १९८३ मध्ये केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो याच मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे. पेंढी आत घालायच्या तोंडाला संरक्षण असावे, हा त्याचा रोख. यंत्र तसे घ्यावेच. पण आपल्या हातात असलेली गोष्ट दुसरी आहे. पट्टा चढवण्याआधी सगळ्यांनी यंत्रासमोर एकदा उभे राहावे. चालू करायचे कुणी सांगायचे, तो माणूस एकच. थांबवायची खूण मात्र कुणीही करावी, आणि ती कोणती ते हात वर करून दाखवावे. इंजिनापाशी असणाऱ्याने विडी पेटवायला पाठ वळवायची नाही. त्याचे डोळे पेंढी घालणाऱ्याच्या हातांवर. बायांनी पदर खोचून, बांगड्या मागे सारून घ्याव्यात. जेवणानंतर गडी बदलला, तर हे सारे पुन्हा एकदा. पाच मिनिटे जातात. म्हातारे हसतील, त्यांना हसू द्यावे.

घरातली टोळी

आता घरात येऊ, कारण सगळ्यात जुनी टोळी तिथेच असते. सकाळी सात-आठ माणसांच्या भाकरी व्हायच्या असतात. सासू थापते, थोरली सून भाजते. थापलेली भाकरी तव्यावर पडते तेव्हा आधीची आहारावर उभी राहिलेली असते. पीठ संपत आले की परात जवळ सरकते. मामांनी पडवीत खाकरले, म्हणजे पाण्याचा तांब्या. एकदा खाकरले तर तांब्या, दोनदा खाकरले तर कुणीतरी पाहुणा आला आहे, चहाचे आधण वाढवा. बाहेरच्याला हे घर मुके वाटेल. ते मुके नाही, गजबजलेले आहे.

या घरात लग्न होऊन नवी मुलगी येते. तिच्या माहेरी खाकरणे म्हणजे फक्त खोकला! ती जागची हलत नाही. मामांना वाटते, मुलगी मग्रूर आहे. सासूला वाटते, आईने वळण लावले नाही. मुलीला काय वाटते ते कोणी विचारत नाही. ती दिवसभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहते, त्या गुऱ्हाळावरच्या पुतण्यासारखी, आणि प्रत्येक हालचालीत आपल्यासाठी काही हुकूम आहे की काय या धास्तीने वावरते. कुणी भांडी जरा जोराने ठेवली तरी तिला वाटते, आपलेच काही चुकले. पहिल्या वर्षात सुना माहेरी जाऊन रडतात, त्यातले पुष्कळ रडणे या न बोललेल्या गोष्टींचे असते. हुंडा, मानपान, मारहाण ही दुःखे वेगळी आणि फार मोठी. त्यांची भेसळ मी इथे करत नाही. पण चांगल्या घरातही, कुणाच्या मनात वाईट नसताना, ही मुलगी एकटी पडते.

काही घरांत सासू शहाणी असते. पहिल्या आठवड्यातच चुलीपाशी बसवून ती सगळे सांगून टाकते: “हे बघ, मामा खाकरले की पाणी लागतं. थोरल्याला डाळ पातळ लागते, पण तो मागत नाही. मी गप्प बसले तर मी रागावले असं समजू नकोस, माझे गुडघे दुखत असतात.” हे शेवटचे वाक्य तर लाख मोलाचे. किती घरांत गुडघेदुखीला राग समजून वर्षे गेली असतील!

आणि मुलीनेही विचारावे. “आत्याबाई, मला कळलं नाही, काय करू?” असे पहिल्या महिन्यात विचारले तर कुणी नावे ठेवत नाही. तेच दोन वर्षांनी विचारायचे म्हटले तर अवघड जाते, म्हणून तोवर साठवू नये.

वर्ष-दीड वर्ष जाते. मुलगी आता खाकरण्याआधीच तांब्या भरून ठेवते. सासू परातीकडे हात नेते तोवर तवा तापलेला असतो. मग धाकट्या दिराचे लग्न होते, नवी जाऊ येते, बावरून कोपऱ्यात उभी राहते. पडवीतून मामा दोनदा खाकरतात, आणि ती जागची हलत नाही. “अगं, एवढं कळत नाही का? पाहुणे आलेत!” असे आपल्या नायिकेच्या तोंडून निघून जाते. चुलीपाशी बसलेल्या आत्याबाई भाकरी थापता थापता हात थांबवून तिच्याकडे बघतात, आणि धाकटीला जवळ बोलावून म्हणतात, “ये, हितं बस. सांगते तुला.”